पिस्तुलासाठी छोट्या ॲक्सेसरीज: कोणत्या घ्याव्यात आणि ते कसे ठरवावे

पहिले पिस्तूल हाती आले की बहुतेक नव्या नेमबाजांचे लक्ष लगेच त्याला जोडायच्या सुट्या वस्तूंकडे वळते. उजळ साइट्स (नेम धरण्याच्या खुणा), रबरी मूठ, लांब स्लाइड स्टॉप (स्लाइड, म्हणजे मागेपुढे सरकणारा वरचा भाग, मागे अडकवणारा खटका), हलका चाप, जड गाइड रॉड (रिकॉइल स्प्रिंगच्या आतली कांडी), मॅगझिनचे वाढीव तळ अशी यादी लांबत जाते आणि प्रत्येक पाकिटावर नेम सुधारण्याचे किंवा धक्का कमी होण्याचे आश्वासन छापलेले असते. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. यातल्या दोन-तीनच वस्तू बहुतेकांच्या कामाच्या असतात आणि त्या कोणत्या, हे ज्याच्या-त्याच्या हातावर, डोळ्यांवर आणि वापरावर ठरते. ज्या वस्तूमुळे पिस्तूल दर वेळी चालेल याची खात्री डळमळते, ती मात्र कोणत्याही किमतीला घेऊ नये. खालचा क्रम हा निर्णय घाई न करता घेता यावा यासाठी दिला आहे. तो याच क्रमाने पाळावा, कारण पहिल्या तीन पायऱ्या नीट पार पडल्या की पुढची बरीचशी खरेदी आपोआप टळते.

पायरी १: आधी नियम पाहावेत

कोणतीही वस्तू मागवण्यापूर्वी तीन ठिकाणचे नियम तपासावेत: आपण राहतो तिथला शस्त्रकायदा आणि परवान्याच्या अटी, आपल्या शूटिंग रेंजचे नियम आणि भाग घ्यायचा असल्यास स्पर्धेची नियमावली. साइट किंवा मुठीच्या पट्ट्या बहुधा कोणाच्या हरकतीचा विषय होत नाहीत, पण मॅगझिनची क्षमता वाढवणारे तळ, नळी, स्लाइड आणि चापाचे भाग यांवर अनेक ठिकाणी बंधने असतात आणि ती देशागणिक, कधी कधी प्रांतागणिक बदलतात. विक्रेता वस्तू पाठवायला तयार आहे, एवढ्यावरून ती बाळगणे कायदेशीर ठरत नाही.

स्पर्धेचे नियम तर आकड्यांतच बोलतात. आयएसएसएफ या आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारांत चाप किमान १००० ग्रॅमचे वजन पेलणारा असावा लागतो, पिस्तुलाचे वजन १४०० ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही आणि ते ३०० × १५० × ५० मिलिमीटरच्या पेटीत मावावे लागते. १० मीटर एअर पिस्तुलात चापाची किमान मर्यादा ५०० ग्रॅम आहे. या प्रकारांत केवळ उघड्या साइट्स चालतात, रेड डॉट, म्हणजे काचेत उजळ ठिपका दाखवणारी साइट, चालत नाही. ज्याला पुढे या वाटेने जायचे आहे, त्याने रेड डॉटवर पैसे घालणे म्हणजे सुरुवातच उलट्या दिशेने करणे होय. निर्मात्याची वॉरंटीही वाचून ठेवावी. चापाच्या यंत्रणेतला भाग बदलला किंवा फ्रेमवर तापवलेल्या सळईने खरखर उमटवली, तर ती बहुधा संपुष्टात येते.

पायरी २: पिस्तूल जसे आले तसेच चालवावे

निदान काही शे गोळ्या मूळ स्थितीतल्या पिस्तुलातून झाडल्याशिवाय एकही भाग बदलू नये. या काळात एक वही ठेवावी आणि तिच्यात तारीख, काडतुसांचा प्रकार, अंतर, कोणते मॅगझिन वापरले आणि पिस्तूल कुठे अडले हे लिहावे. मॅगझिनांच्या तळावर १, २, ३ असे आकडे घालून ठेवावेत, कारण काडतूस अडकण्याचा दोष पुष्कळदा पिस्तुलाचा नसून एका विशिष्ट मॅगझिनच्या वाकलेल्या ओठांचा (काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या कडांचा) किंवा थकलेल्या स्प्रिंगचा असतो. आकडे घातलेले नसतील, तर ते कधी लक्षातच येत नाही.

याच काळात दोष हाताचा की हत्याराचा हे वेगळे करावे. उजव्या हाताने झाडणाऱ्याच्या गोळ्या सातत्याने खाली डावीकडे जात असतील, तर बहुतेक वेळा कारण साइटमध्ये नसते. गोळी सुटण्याच्या क्षणी तो मूठ आवळतो किंवा चाप हिसकावतो. खात्री करून घेण्याचा मार्ग सोपा आहे. अनुभवी सोबत्याला मॅगझिनमध्ये खऱ्या काडतुसांच्या मधे एक-दोन स्नॅप कॅप, म्हणजे निर्जीव सरावी काडतुसे, आपल्याला न दाखवता भरायला सांगावे. स्नॅप कॅप चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागे काडतूस बसते त्या जागेत, असताना चाप ओढला की धक्का बसत नाही, आणि तरीही नळीचे तोंड खाली झुकले, तर दोष कुठे आहे ते आपल्याच डोळ्यांना दिसते. दुसरी खात्री म्हणजे त्याच अनुभवी व्यक्तीने आपले पिस्तूल टेकू देऊन पाच-पाच गोळ्यांचे दोन-तीन गट झाडणे. त्याचे गट मध्यावर पडले, तर साइट बदलण्याचे कारण उरत नाही.

नव्या माणसाला ही पायरी कंटाळवाणी वाटते हे मला ठाऊक आहे, पण संपूर्ण लेखातली सर्वांत महत्त्वाची पायरी हीच आहे. वहीत लिहिलेला ठरावीक, पुन्हा पुन्हा दिसणारा दोष हेच कोणत्याही खरेदीचे योग्य कारण आहे. दोष नोंदलेला नसेल, तर वस्तूने काय सुधारले हेही कधी कळणार नाही.

पायरी ३: पिस्तुलाला न जोडायच्या वस्तू आधी घ्याव्यात

पिस्तुलाचा आवाज साधारण १५० ते १६० डेसिबलच्या घरात असतो आणि अशा आवाजाने कानाला होणारी इजा भरून येत नाही. त्यामुळे पहिला पैसा कानाच्या संरक्षणावर आणि दुसरा मजबूत चष्म्यावर खर्च करावा. बंद छताच्या रेंजवर कानात बोळे आणि त्यावर मफ अशी दुहेरी व्यवस्था ठेवावी. आवाज कमी झाला की दचकणेही कमी होते. अनेकांच्या नेमात जडशीळ गाइड रॉडपेक्षा चांगल्या इअरमफने अधिक सुधारणा होते, असे मी जबाबदारीने सांगतो.

त्यानंतर त्याच निर्मात्याची तीन-चार जादा मॅगझिने, सहा स्नॅप कॅप आणि कडक होल्स्टर घ्यावे. होल्स्टरने चापाभोवतीची कडी पूर्ण झाकलेली असावी आणि पिस्तूल काढल्यावर त्याचे तोंड मिटता कामा नये. स्नॅप कॅपचा उपयोग घरी रिकाम्या पिस्तुलाने चाप ओढण्याच्या सरावासाठी होतो. रिमफायर पिस्तुलांत, म्हणजे जिथे फायरिंग पिन काडतुसाच्या कडेवर आपटते अशा पिस्तुलांत, तर त्या आवश्यकच समजाव्यात, कारण रिकाम्या चेंबरवर फायरिंग पिन आपटत राहिली की चेंबरच्या कडेला खाच पडू शकते.

पायरी ४: मूठ हाताला बसते का ते पाहावे

इथून पिस्तुलाला जोडायच्या वस्तूंचा विचार सुरू होतो आणि त्यात मुठीचा क्रम पहिला आहे. पिस्तूल रिकामे आहे याची मॅगझिन काढून, स्लाइड मागे घेऊन, चेंबरमध्ये पाहून आणि बोट घालून खात्री करावी. मग अंगठा आणि तर्जनी यांमधली बेचकी मुठीच्या मागच्या भागावर जमेल तितकी वर बसवावी. वरून पाहिल्यास नळी आणि कोपरापासून मनगटापर्यंतचा हात एका रेषेत दिसायला हवेत. ही रेषा न मोडता तर्जनीच्या पहिल्या पेराचा मधला भाग चापावर टेकत असेल, तर मूठ हाताला बसते. बोट पोहोचवण्यासाठी पिस्तूल पंजात फिरवावे लागत असेल, तर मूठ मोठी आहे. मग धक्का तळव्याऐवजी अंगठ्याच्या सांध्यावर बसतो आणि प्रत्येक गोळीनंतर पकड सुटते. बोट चापाच्या पार पलीकडे दुसऱ्या पेरापर्यंत जात असेल, तर मूठ लहान आहे.

हा प्रश्न जुना आहे. जॉन ब्राउनिंग यांनी घडवलेले एम१९११ पिस्तूल पहिल्या महायुद्धात वापरून झाल्यावर अमेरिकी लष्कराने त्यात जे बदल केले आणि १९२६ मध्ये एम१९११ए१ म्हणून मान्य केले, ते जवळजवळ सगळे माणसाच्या हाताशी संबंधित होते. चाप आखूड केला, चापामागे फ्रेमच्या दोन्ही बाजूंना खोलगट भाग दिला, मागच्या ग्रिप सेफ्टीचे (मूठ धरली तरच चाप चालू देणाऱ्या खटक्याचे) टोक लांबवले, मुठीची मागची बाजू किंचित फुगीर केली आणि पुढची साइट रुंद केली. नळी, तिला स्लाइडशी जखडणाऱ्या कुलुपाची रचना आणि मॅगझिन होते तसेच राहिले. कुठे हात लावावा आणि कुठे लावू नये, हे या यादीतून चांगले शिकता येते.

आधुनिक पॉलिमर पिस्तुलांत मुठीच्या मागच्या पट्ट्या बदलता येतात. १९९० च्या दशकात आलेल्या वाल्थर पी९९ पासून ही सोय रुळत गेली. अशा पट्ट्या पिस्तुलाच्या डब्यातच दोन-तीन आकारांत मिळतात आणि कित्येक जण डब्यातली मधल्या आकाराची पट्टी कधी काढूनही पाहत नाहीत. पैसे खर्च करण्यापूर्वी त्या सगळ्या लावून पाहाव्यात. जिथे मुठीच्या बाजूच्या पट्ट्या स्क्रूने बसतात, तिथे पातळ किंवा जाड, लाकडी किंवा रबरी पट्ट्या घेणे हा चांगला, स्वस्त आणि उलटवता येणारा बदल आहे. छोट्या रिव्हॉल्व्हरवर चापाच्या कडीमागची पोकळी भरून काढणारा जोड किंवा तो भाग झाकणारी रबरी मूठ लावली, तर मधल्या बोटाच्या पेरावर बसणारा धातूचा आघात थांबतो. हलक्या रिव्हॉल्व्हरने सराव करणाऱ्याला हा फरक पहिल्याच दिवशी कळतो.

मोज्यासारखी चढवायची रबरी बाही मात्र जपून घ्यावी. ती मूठ जाड करते, आत तेल किंवा घाम गेला की सरकू लागते आणि थोडी वर बसली तर मॅगझिन सोडण्याचे बटण पूर्ण दाबले जात नाही. केवळ पकड घसरत असेल, तर खरखरीत चिकटपट्टी पुरते. ती झिजली की काढून नवी लावता येते, तापवलेल्या सळईने फ्रेमवर उमटवलेली खरखर मात्र कायमची असते.

पायरी ५: साइट्सचे गणित समजून घ्यावे

मुठीनंतर पैसे घालण्यासारखी दुसरी वस्तू म्हणजे साइट्स. अनेक पॉलिमर पिस्तुलांबरोबर येणाऱ्या साइट्स प्लॅस्टिकच्या असतात. होल्स्टरमध्ये घासून त्यांच्या कडा गोल होतात आणि जोराने आपटल्यास त्या तुटतातही. स्टीलच्या साइट्सनी ही अडचण दूर होते. पण नव्या साइट्स काय करू शकतात आणि काय करू शकत नाहीत, हे पाहण्यासाठी थोडे गणित आवश्यक आहे.

ग्लॉक १७ या पिस्तुलावर पुढच्या आणि मागच्या साइटमधले अंतर सुमारे १६५ मिलिमीटर आहे. पुढची साइट मागच्या खाचेत १ मिलिमीटर डावी-उजवी झाली, तर १५ मीटरवरच्या कागदावर ही चूक १५,००० भागिले १६५, म्हणजे सुमारे ९१ मिलिमीटर होते. अर्धा मिलिमीटर चुकल्यास ती ४५ मिलिमीटर होते. म्हणून पुढच्या साइटच्या दोन्ही बाजूंना सारखा प्रकाश दिसणे एवढे महत्त्वाचे आहे आणि म्हणूनच पुढची साइट थोडी अरुंद, मागची खाच स्वच्छ चौकोनी आणि कडा धारदार असलेल्या साइट्सचा खरा उपयोग होतो. प्रकाशाच्या दोन पट्ट्या स्पष्ट दिसल्या की डोळा त्या बरोबर करून घेतो. वयाबरोबर जवळचे दिसणे कमी झालेल्यांना हा बदल विशेष लाभतो. चाप हिसकावण्याची सवय असलेल्याला मात्र त्याने तसूभरही फरक पडत नाही, कारण त्याची साइट गोळी सुटण्याच्या क्षणी हलते, नेम धरताना नाही.

हेच गणित उलट बाजूने वापरून उंचीही ठरवता येते. समजा, अनुभवी नेमबाजाने टेकूवरून झाडलेले गटसुद्धा १५ मीटरवर ६० मिलिमीटर खाली पडत आहेत. ६० गुणिले १६५ भागिले १५,००० म्हणजे ०.६६ मिलिमीटर. आताच्या पुढच्या साइटपेक्षा एवढी बुटकी साइट हवी. लक्षात ठेवायचा नियम असा: गोळी जिकडे न्यायची तिकडे मागची साइट हलवावी, पुढची साइट त्याच्या उलट. म्हणून गोळी वर न्यायची तर पुढची साइट बुटकी करावी लागते. हे मोजमाप न करता केवळ दिसायला छान म्हणून जोडी घेतली, तर चांगले नेम धरणारे पिस्तूल बिघडवून घेण्याची पाळी येऊ शकते.

प्रकारांबद्दल थोडक्यात सांगतो. फायबर ऑप्टिक साइटमधली रंगीत कांडी बाहेरचा उजेड गोळा करून टोकाशी ठिपका उजळवते. दिवसा ती उत्तम दिसते आणि लक्ष आपोआप पुढच्या साइटवर खेचते. अंधारात तिचा उपयोग नाही आणि कांडी मोडू शकते, त्यामुळे जादा तुकडा जवळ ठेवावा आणि त्याचे टोक ज्योतीजवळ धरून किंचित पसरवून बसवण्याची रीत शिकून घ्यावी. ट्रिटियम या किरणोत्सारी वायूच्या साइट्स विजेशिवाय अंधारात चमकतात, पण ट्रिटियमचे अर्धायुष्य १२.३ वर्षे असल्याने बारा वर्षांनी त्यांचा उजेड साधारण निम्म्यावर येतो. जुन्या पिस्तुलाबरोबर अशा साइट्स मिळत असतील, तर त्यांवरचे उत्पादनाचे वर्ष पाहावे. केवळ उजेडात, कागदी लक्ष्यावर सराव करणाऱ्याला साध्या काळ्या साइट्सहून चांगले काही नाही. अचूक नेमबाजीच्या स्पर्धांत त्याच वापरतात.

बसवण्याचे काम हाताने ठोकून करू नये. मागची साइट डव्हटेल (तळाशी रुंद, वर अरुंद) खाचेत घट्ट बसलेली असते आणि ती सरळ सरकवण्यासाठी साइट पुशर नावाचे स्क्रूचे साधन असते. ते विकत घेण्यापेक्षा गनस्मिथकडून एकदा बसवून घेणे सोयीचे. ग्लॉकसारख्या पिस्तुलांवर पुढची साइट स्लाइडच्या आतून छोट्या स्क्रूने धरलेली असते. तो स्क्रू तेल पुसून, निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा) बारीक ठिपका लावून, बेताने घट्ट करावा आणि चोवीस तास तसाच सोडावा. लाल थ्रेडलॉकर वापरू नये, कारण तो उष्णता दिल्याशिवाय सुटत नाही आणि पुढच्या वेळी स्क्रूच तुटतो.

रेड डॉटला मी छोट्या ॲक्सेसरीजमध्ये धरत नाही. त्यासाठी स्लाइड कापलेली असावी लागते, प्लेट, स्क्रू आणि बॅटरी यांची निगा आली आणि ठिपका काचेत सापडण्यासाठी पिस्तूल उचलण्याची पद्धत नव्याने शिकावी लागते. डोळ्यांची अडचण असेल तर तो अतिशय उपयोगी आहे, परंतु उघड्या साइट्सवर हात बसल्यानंतर त्याचा विचार करावा.

पायरी ६: बटणे, खटके आणि मॅगझिनचे तळ

लांब केलेला स्लाइड स्टॉप आणि मोठे मॅगझिन बटण यांचा मोह होतो, कारण दुकानात हाताळताना ते खरोखर सोयीचे वाटतात. अंगठा लहान असेल आणि मूळ बटण पकड न बदलता दाबताच येत नसेल, तर बटण थोडे मोठे करण्यात तथ्य आहे. पण लांब खटक्याची किंमत झाडताना कळते. दोन्ही अंगठे पुढे ठेवणारी पकड असेल, तर अंगठा लांब स्लाइड स्टॉपवर विसावतो आणि शेवटच्या गोळीनंतर स्लाइड मागे अडकत नाही. कधी धक्क्यात तो अंगठ्याने वर ढकलला जातो आणि मॅगझिनमध्ये गोळ्या असतानाच स्लाइड अडकते. मोठे बटण होल्स्टरमध्ये किंवा टेबलावर ठेवताना दाबले जाऊन मॅगझिन अर्धवट सुटते, मग पहिली गोळी झाडली जाते आणि दुसरी वर येतच नाही.

बटण बदललेच, तर अशी परीक्षा घ्यावी. रिकामे पिस्तूल आणि रिकामे मॅगझिन होल्स्टरमध्ये घालून वाकावे, बसावे, खुर्चीला टेकावे, आणि मग पिस्तूल बाहेर काढून मॅगझिन पूर्ण बसलेले आहे का ते हाताने ओढून पाहावे. त्यानंतर रेंजवर पाच मॅगझिने शेवटच्या गोळीपर्यंत रिकामी करून प्रत्येक वेळी स्लाइड मागे अडकली का याची नोंद करावी. एकदा जरी चुकले तर मूळ भाग परत लावावा.

मॅगझिनच्या तळाला लावायचे जाड रबरी किंवा ॲल्युमिनियमचे तळ, स्पर्धेत मॅगझिने जमिनीवर टाकणाऱ्यांना उपयोगी असतात. छोट्या पिस्तुलावर करंगळीला टेकू देणारा तळ तर मला मनापासून आवडतो, कारण इतक्या लहान तुकड्याने पकडीत इतका फरक क्वचितच पडतो. क्षमता वाढवणारा तळ मात्र मूळ स्प्रिंगवर चालेलच असे नाही, आणि त्याचा कायद्याशी संबंध पहिल्या पायरीत आलाच आहे. मुठीच्या तळाशी बसवायचे नरसाळ्यासारखे मॅगवेल वेगवान स्पर्धांसाठी आहे, इतरांनी त्याचा विचार करू नये.

फ्रेमखालच्या रेलवर बसणारा दिवा हा वेगळा विषय आहे. १९९५ च्या मिल-एसटीडी-१९१३ या मानकामुळे, म्हणजे पिकॅटिनी रेलमुळे, असे दिवे जोडणे सोपे झाले, परंतु दिवा लावला की होल्स्टर बदलावे लागते. शिवाय जिकडे उजेड पाडाल तिकडे नळीचे तोंड जाते. अंधारात वस्तू शोधण्यासाठी पिस्तुलाचा दिवा वापरणे म्हणजे ज्यावर गोळी झाडायची नाही त्यावर पिस्तूल रोखणे होय, आणि सुरक्षेच्या मूलभूत नियमांत ते बसत नाही. रेंजवर सराव करणाऱ्या नवख्याला हा दिवा लागत नाही. हातातला टॉर्च पुरतो.

पायरी ७: स्प्रिंग, गाइड रॉड आणि चाप शेवटी, किंवा नाहीच

जड गाइड रॉडबद्दलचा दावा आकड्यांनी तपासता येतो. तीच गोळी झाडली, तर मोकळ्या धक्क्याची ऊर्जा पिस्तुलाच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात असते. भरलेले पिस्तूल ९०० ग्रॅमचे आहे आणि रॉडने ४५ ग्रॅम वाढवले, तर ती ऊर्जा पाच टक्क्यांहून कमी उतरते. टंगस्टन स्टीलच्या सुमारे अडीचपट घन असल्याने त्याचा रॉड आणखी जड होतो, तरी फरक मर्यादितच राहतो. वेगवान दुसऱ्या गोळीसाठी झगडणाऱ्या स्पर्धकाला तो जाणवेल, नव्या माणसाला घट्ट पकडीतून त्याच्या कितीतरी पट लाभ होतो. एम१९११ मध्ये लावायचा पूर्ण लांबीचा रॉड तर खोलणे-जोडणे अवघड करतो आणि बदल्यात फारसे काही देत नाही. स्लाइड आणि फ्रेम यांमध्ये घालायच्या प्लॅस्टिकच्या चकत्याही टाळाव्यात. त्या स्लाइडचा प्रवास कमी करतात आणि झिजून त्यांचे तुकडे यंत्रणेत अडकतात.

स्प्रिंग वेगळ्या दृष्टीने पाहावी. निर्मात्याने सांगितलेल्या गोळ्यांच्या संख्येनंतर त्याच ताकदीची नवी रिकॉइल स्प्रिंग बसवणे ही निगा आहे आणि ती टाळू नये. हलकी किंवा जड स्प्रिंग घालणे हा प्रयोग आहे. हलक्या स्प्रिंगने स्लाइड मागे अधिक जोराने आपटते, जड स्प्रिंगने ती सौम्य काडतुसांवर पुरती मागे जात नाही आणि टरफल अडकते.

चापाबाबत मी सर्वांत सावध आहे. ग्लॉकचा मूळ चाप सुमारे २.५ किलोचा आहे आणि तो हलका करणारे छोटे भाग सहज मिळतात. पण हा ताण मुद्दाम ठेवलेला असतो, आणि त्यामागच्या सुरक्षा-खटक्यांच्या मापात बारीकसा फरक पडला, तरी पिस्तूल पडल्यावर सुटणार नाही याची हमी जाते. घोडा असलेल्या पिस्तुलांचेही असेच आहे. बेरेटा ९२ मध्ये पुष्कळ जण निर्मात्याचीच घोड्याची हलकी ‘डी’ स्प्रिंग घालतात आणि पहिल्या गोळीचा लांब चाप खरोखर सुसह्य होतो. तरीही काही काडतुसांचे प्रायमर (आघाताने पेटणारी टोपी) कठीण असतात आणि त्यांवर हलक्या स्प्रिंगचा घोडा अपुरा पडून गोळी सुटत नाही. म्हणून स्प्रिंग निर्मात्याची असली, तरी आपल्या नेहमीच्या काडतुसांवर ती तपासल्याशिवाय ठेवू नये. पहिल्या वर्षात चापाला हात न लावता, रोज दहा-पंधरा मिनिटे रिकाम्या पिस्तुलाने सराव करावा. पुष्कळांना त्यानंतर तोच चाप हलका वाटू लागतो आणि खरेदीचा विचार मागे पडतो.

पायरी ८: एका वेळी एकच बदल, आणि त्याची चाचणी

वस्तू ठरली की ती एकटीच बसवावी. मूठ, साइट आणि स्प्रिंग एकाच दिवशी बदलल्या, तर पुढच्या आठवड्यात काडतूस अडकले की कोणामुळे, हे शोधणे जवळजवळ अशक्य होते. काम सुरू करण्यापूर्वी सगळी काडतुसे त्या खोलीतून बाहेर न्यावीत. काढलेला मूळ भाग, स्क्रू आणि वॉशरसह, छोट्या पिशवीत घालून त्यावर नाव आणि तारीख लिहावी. बसवून झाल्यावर रिकाम्या पिस्तुलावर चाप, सेफ्टी, स्लाइड स्टॉप आणि मॅगझिन बटण, निर्मात्याच्या पुस्तिकेत दिल्याप्रमाणे, एकेक करून तपासावेत.

रेंजवर निदान दोनशे गोळ्या झाडाव्यात. त्यात प्रत्येक मॅगझिन यावे, नेहमीची काडतुसे यावीत आणि काही गोळ्या एका हाताने, त्यातही कमजोर हाताने झाडलेल्या असाव्यात, कारण सैल पकडीत पिस्तुलाच्या उणिवा लवकर उघड होतात. अचूकता तपासायची असेल, तर बदलापूर्वी आणि बदलानंतर त्याच अंतरावर पाच गोळ्यांचे प्रत्येकी निदान चार-पाच गट झाडून त्यांची सरासरी काढावी. सर्वांत सुंदर गट खिशात ठेवून निष्कर्ष काढू नये, एक चांगला गट कोणत्याही पिस्तुलाने कधीतरी पडतोच. शक्य असेल तिथे वस्तू विकत घेण्यापूर्वीच रेंजवरच्या एखाद्या सदस्याचे तसेच पिस्तूल, त्याच्या देखरेखीखाली आणि नियमांत बसत असेल तर, चालवून पाहावे.

चाचणीत एक जरी अडथळा आला आणि तो दुसऱ्या मॅगझिनने किंवा दुसऱ्या काडतुसांनी समजावता आला नाही, तर वस्तू काढून पिशवीतला मूळ भाग लावावा, आणखी पन्नास गोळ्या झाडून पिस्तूल पूर्ववत झाले आहे याची खात्री करावी आणि वहीत वस्तूचे नाव, दोष आणि तारीख लिहून ठेवावी. पिस्तूल पुढे कधी विकायचे झाले, तर मूळ भागांची पिशवी आणि ही वही दोन्ही सोबत द्यावीत.